डबा रिकामा परत येतच नाही: जपानी शेजारणीला मदत करायची तरी कशी?

मनवा_निशीकासाई

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज अडलं म्हणून लिहितेय.

आम्ही तोक्योत, एदोगावा वॉर्डातल्या निशी-कासाईला राहतो. शेजारच्या दारात एक बाई दोन मुलांना घेऊन राहते. मुलगी दुसरीत, मुलगा चार वर्षांचा. घटस्फोट झालाय, हे तिनंच एकदा लिफ्टमध्ये एका वाक्यात सांगितलं, आज पाऊस पडेल म्हणून सांगावं तसं. ती म्हाताऱ्या माणसांच्या केअर होममध्ये काम करते. रात्रपाळी घेता येत नाही म्हणून कायम नोकरी नाही, तासांवर पगार. रोज सकाळी सात वीसला खाली तिच्या सायकलचं स्टँड खट्कन वाजतं आणि मला कळतं की आपला चहा आजही उशिराच.

होळीला मी तिला चार पुरणपोळ्या दिल्या. दुसऱ्या दिवशी डबा लखलखीत घासून परत, आत सहा छोटी संत्री आणि चिठ्ठी. पुढच्या आठवड्यात शिरा दिला, तर डब्यातून तांदळाच्या कुरकुरीत सेम्बेई आल्या. मला आपलं बरं वाटलं, की इथंही डबा रिकामा परत करत नाहीत!

मग परवा ती सुपरमार्केटात दिसली. संध्याकाळचे साडेसात, म्हणजे उरलेल्या पदार्थांवर निम्म्या किमतीचे स्टिकर लागायची वेळ. स्टिकरवाला माणूस कोरोक्केकडे, म्हणजे बटाट्याच्या तळलेल्या कटलेटांकडे, वळेपर्यंत ती मुलाला घेऊन शेजारच्या कपाटापाशी उगाच सोया सॉसच्या बाटल्या वाचत उभी होती. टोपलीत स्टिकरवाले कोरोक्के, स्टिकरवाले नूडल्स आणि एक स्ट्रॉबेरीचं खोकं, पूर्ण किमतीचं. मी पुढे गेलेच नाही, दुसऱ्या रांगेतून सटकले.

ते स्ट्रॉबेरीचं खोकं दुसऱ्या दिवशी माझ्या दारात आलं. आदल्या रविवारी दिलेल्या पोह्यांबद्दल.

आता सांगा, मी डबा देणं थांबवू का? की आणखी काही मार्ग आहे?

टिचकी

पोह्यांना स्ट्रॉबेरी! आमच्या सोसायटीत पोहे दिले तर शेव कमी होती म्हणून कळवतात.

ओसाकाकर

मनवाताई, ही 'ओकाएशी', म्हणजे परतभेट. लग्नात, बारशात, आजारपणात, अगदी मयताच्या वेळीही जे येतं त्याच्या साधारण निम्म्या किमतीचं परत करायची रीत आहे. तुम्ही आहेर केलात की तिची वही उघडते.

यावर जपानी लोकांनीच तोडगा काढलाय, त्याला म्हणतात 'ओसुसोवाके'. शब्दशः कपड्याच्या खालच्या काठातला वाटा. आपल्याकडे खूप आलं, त्यातलं थोडं तुम्हाला, एवढाच भाव. आपला वानवळा हो! शेतावरून मेथी आली की चार घरी जुडी जाते, त्याचा कोणी हिशोब ठेवतं का? तेव्हा डबा बंद. साध्या प्लास्टिकच्या पिशवीत द्या, म्हणजे परत करायला भांडंच नाही. आणि "तुमच्यासाठी केलं" असं चुकूनही म्हणू नका, "जास्त झालं, वाया जाईल" म्हणा.

खवय्या_खोपोली

पिशवीत पुरणपोळी देणाऱ्याला नरकात वेगळी कढई असते.

भाऊसाहेब_कराड

धागा आवडला. यातून आपल्याकडच्यांनी शिकण्यासारखं आहे. एकटी बाई, दोन लेकरं, पण कुणापुढे हात नाही, रडगाणं नाही. हा खंबीरपणा रक्तातच असतो त्या लोकांच्या.

रानमोगरा

भाऊसाहेब, वयानं मोठे आहात म्हणून मऊ शब्दात लिहिते. 'खंबीर' या शब्दाची मला ॲलर्जी आहे.

मी पुण्यात अकरा वर्षं मुलीला एकटीनं वाढवतेय. खंबीर म्हणणारी माणसं ते म्हणून घरी जातात, हा अनुभव आहे. एकदा म्हटलं की त्यांची जबाबदारी संपली. माझ्या दाराबाहेर आजही एक पुरुषी चपलांचा जोड असतो, नऊ नंबरचा, कुणाच्याच पायाचा नाही. गॅसवाला, कुरिअरवाला, मीटर बघणारा, सगळ्यांना दिसावा म्हणून. तो खंबीरपणा नाही हो, ती सोय आहे. दर पावसाळ्यात त्याला बुरशी येते, ती पुसायलाही मीच.

मनवा_निशीकासाई

@रानमोगरा, अंगावर काटा आला. माझ्या शेजारणीच्या बाल्कनीत एक मोठा निळा पुरुषी टीशर्ट कायम वाळत असतो. मला वाटायचं भावाचा असेल. आत्ता वाचताना लक्षात आलं की गेली दोन वर्षं तो एकच टीशर्ट आहे.

जुना_तोक्योकर

मी २००९ ते २०१७ तिथे होतो, आयटीत. भाऊसाहेबांच्या 'हात पसरत नाहीत' या मुद्द्यावर थोडे आकडे, कारण आमच्या टीममधल्या एका सहकारिणीमुळे मी या विषयात बराच शिरलो होतो.

जपान सरकार दर पाचेक वर्षांनी एकपालक घरांची पाहणी करतं. २०२१च्या पाहणीत आई आणि मुलं अशी सुमारे १२ लाख घरं निघाली, बाप आणि मुलं अशी दीड लाखाच्या आसपास. या आयांपैकी ८६ टक्के नोकरी करतात. जगात इतकं प्रमाण फार थोड्या ठिकाणी सापडेल. आणि कमाई? कामातून वर्षाला सरासरी २३६ लाख... चुकलो, २३६ 'मान', म्हणजे २३ लाख ६० हजार येन. एकट्या बापांची ४९ लाख ६० हजार. एकपालक घरांतलं गरिबीचं प्रमाण २०२१ला ४४.५ टक्के. म्हणजे काम करूनही जवळजवळ निम्मी घरं गरीब. इतर देशांत आईला नोकरी लागली की घर वर येतं, जपानात त्यानं फारसा फरक पडत नाही, ही तिथली खरी गोम आहे.

कारण मनवाताईंनी सुरुवातीलाच लिहिलंय: रात्रपाळी नाही तर कायम नोकरी नाही. मूल झाल्यावर बाई नोकरी सोडते आणि मग परत येते ती 'पार्ट', म्हणजे अर्धवेळ कामगार म्हणून. तोवर चांगल्या कंपन्यांची दारं बंद झालेली असतात.

आमची ती सहकारीण कायम नोकरीत होती, म्हणजे नशीबवानच. साडेचारला निघायची. निघताना खुर्ची आत सारायची, मग मॅनेजरपुढे, मग आमच्या रांगेपुढे, मग दारात, अशी तीनदा वाकून "आधी निघते, माफ करा". रोज. मी एकदा मोजलं, बसल्या जागेपासून लिफ्टपर्यंत सात वेळा 'सुमिमासेन', म्हणजे 'माफ करा'. तिचं काम आमच्या सगळ्यांच्या आधी संपलेलं असायचं हे मॅनेजरलाही माहीत होतं. मूल तीन वर्षांचं होईपर्यंत कमी तासांची सवलत देणं कायद्यानं बंधनकारक आहे. तिसरा वाढदिवस झाला की मग तेव्हा कंपनीची मर्जी असायची.

टिचकी

मी साडेपाचला निघताना सगळ्यांना नुसता "चला" म्हणतो. आणि ते सगळे नाही येत म्हणून रागावतो.

सेन्दाईची_पाहुणी

माझी घरमालकीण अशीच, एकटी आई. मी तिच्याकडे दोन वर्षं राहिले शिकताना. पाळणाघराचा, म्हणजे होइकुएनचा, जाच सांगते. रोज सकाळी मुलाचं तापमान वहीत लिहायचं, आदल्या रात्री काय जेवला, शी झाली का, किती वाजता झोपला, सगळं. डायपरच्या प्रत्येक नगावर नाव. प्रत्येक! रात्री टीव्ही बघत आम्ही दोघी शिक्के मारत बसायचो, निवडणुकीची मतपत्रिका छापावी तशा. आणि वापरलेले डायपर संध्याकाळी पिशवीतून घरी परत. (आता बऱ्याच ठिकाणी हे बंद होतंय म्हणे. २०२३मध्ये सरकारनंच पाळणाघरांना सांगितलं की तिथेच टाका.)

आणि ३७.५! हा आकडा जपानी आईला झोपेतही पाठ. ताप ३७.५ च्या वर गेला की कामावर फोन, या आणि मुलाला घेऊन जा. नवरा असेल तर निदान कोणी जायचं यावर भांडता येतं. ती म्हणायची, मला नवऱ्याची आठवण फक्त त्या फोनच्या वेळी येते, आणि तीही माणूस म्हणून नाही, दुसरा फोन नंबर म्हणून.

दूरदेशी

सगळं वाचतोय. बापांबद्दल एक शब्द चांगला नाही, म्हणून लिहितो. माझा जवळचा मित्र नागपूरचा, बायको जपानी, घटस्फोट झाला. मुलीला चार वर्षं पाहिलेलं नाही. तिकडे तेव्हा घटस्फोटानंतर ताबा एकाचाच असायचा, आणि तो बहुतेक वेळा आईचा. दुसऱ्यानं मग फोटोवर समाधान मानायचं. प्रत्येक 'एकट्या आई'च्या मागे पळून गेलेला बाप नसतो.

रानमोगरा

प्रत्येकीच्या मागे नसतो. पण पैसे किती पाठवतात तेही लिहा की.

कलम१२५

माझं नाव पाहून ओळखलं असेलच, पोटगीची प्रकरणं चालवते. (नव्या संहितेत ते कलम १४४ झालंय, पण ते नाव घेतलं तर लोकांना जमावबंदी वाटेल.) जपानी कायद्यावर एक लेख लिहायचा होता तेव्हा वाचलं होतं, ते सांगते.

तिथे दहापैकी जवळपास नऊ घटस्फोट कोर्टात जातच नाहीत. एक फॉर्म, दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार, वॉर्ड ऑफिसात दिला की संपलं. आपल्याकडे वर्षानुवर्षं खेटे घालणाऱ्यांना हे स्वर्ग वाटेल. पण मुलांच्या खर्चाचं काय, हे न ठरवताही तो फॉर्म घेतला जायचा. परिणाम असा की त्याच २०२१च्या पाहणीत, बापाकडून नियमित पैसे सध्या मिळतात असं सांगणाऱ्या आया २८ टक्के. ठरवलेलंच मुळी निम्म्याहून कमी जणींनी. 'त्याचं तोंड बघायचं नाही' हे एक मोठं कारण, आणि ते मला इथे बसून समजतं.

वर तो कोसेकी, म्हणजे कुटुंबाची सरकारी नोंद. घटस्फोटानंतर बाई नोंदीतून बाहेर पडते, पण मूल ताब्यात असलं तरी नोंदीत बापाकडेच राहतं. त्याला आईच्या आडनावात आणायला कौटुंबिक न्यायालयाची परवानगी लागते. म्हणून कितीतरी जणी नवऱ्याचंच आडनाव पुढे लावतात. कारण विचारलं तर साधं असतं: शाळेतल्या बुटांपासून छत्रीपर्यंत सगळ्यावर मुलाचं नाव लिहिलेलं असतं, ते बदलायचं आणि रोज कुणीतरी विचारायचं, का बदललं.

@दूरदेशी, तुमच्या मित्रासाठी: मे २०२४ मध्ये कायदा बदलला. संयुक्त ताब्याचा पर्याय १ एप्रिल २०२६पासून. त्यासोबतच, काही ठरलं नसेल तरी दर मुलामागे महिना २० हजार येन मागता येतील अशी तरतूद आहे. पण नवऱ्याच्या मारहाणीतून सुटलेल्या बायकांनी या संयुक्त ताब्याला जोरदार विरोध केला, तोही वाचा. शाळा बदलायची, ऑपरेशन करायचं, तर पुन्हा त्याच माणसाला विचारायचं का, हा त्यांचा प्रश्न.

दूरदेशी

माहितीबद्दल आभार. पैसे तो पाठवतो, दर महिन्याला. दोन्ही बाजू असतात एवढंच म्हणायचं होतं.

रानमोगरा

मग मित्राला सांगा, तो त्या २८ टक्क्यांत आहे म्हणून. मी चिडून लिहिलं, त्याबद्दल सॉरी. आमच्या केसला पोटगी कागदावर आहे आणि कागद लॉफ्टवर.

ओसाकाकर

भांडण मिटलं असेल तर जेवणाचं बोलू.

मी महिन्यातून दोन शनिवारी 'कोदोमो शोकुदो'त कांदे चिरायला जातो. म्हणजे मुलांची खानावळ. २०१२ साली तोक्योच्या ओता वॉर्डात एका भाजीवालीनं सुरू केली, कारण तिला शाळेतून कळलं होतं की एक मूल शाळेतल्या जेवणाव्यतिरिक्त फक्त केळ्यावर दिवस काढतंय. २०२४मध्ये देशभर अशा १० हजारांहून जास्त जागा झाल्या. मुलांना फुकट किंवा १०० येन, मोठ्यांना तीनेकशे.

त्यातली हुशारी सांगतो. 'गरिबांसाठी' असं कुठेही लिहीत नाहीत. कोणीही या, आजोबा या, शेजारी या. त्यामुळे दारातून आत येणाऱ्या आईकडे बघून कुणाला काही कळत नाही. आमच्याकडे एक बाई येते, मुलं जेवेपर्यंत ती फक्त चहा पिते, आणि मग 'उरलंय, वाया जाईल' असं आम्ही म्हटलं की मग बसते. आता आम्ही तिचं ताट धरूनच भात लावतो आणि तिला म्हणतो उरलाय. तिलाही माहीत आहे, आम्हालाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत गर्दी दुप्पट. चाळीस दिवस शाळा बंद म्हणजे चाळीस दुपारची जेवणं बंद.

खवय्या_खोपोली

माझे शब्द मागे. पिशवीत द्या पुरणपोळी.

भाऊसाहेब_कराड

रानमोगराताई, तुमचं वाचून दोन दिवस काही लिहिलं नाही. माझी आई मी सहा वर्षांचा असताना एकटी पडली. तीसुद्धा खंबीर होती असं आम्ही सगळे म्हणत आलो. काल धाकट्या बहिणीला फोन केला, म्हटलं आई खंबीर होती ना गं. ती म्हणाली, दादा, आई रात्री मोरीत रडायची, पाणी सोडून. तुला कसं माहीत नाही?

रानमोगरा

भाऊसाहेब... नमस्कार करते तुम्हाला.

टिचकी

धाग्याला गळती लागली, कुणीतरी बादली ठेवा.

अवांतर: ते जपानी मुलांचं कडक दप्तर, रांदोसेरू, ते पन्नास-साठ हजार येनला असतं हे खरं का? आमच्या वेळी खताच्या पिशवीचं दप्तर होतं, कोपऱ्यात युरिया लिहिलेलं.

जुना_तोक्योकर

खरं आहे. पण सहा वर्षं तेच वापरतात, आणि बहुतेकदा आजी-आजोबा घेऊन देतात. आजी-आजोबाच नसतील, किंवा घटस्फोटावरून बोलत नसतील, तर पहिलीच्या आधीच्या वर्षी आईचं गणित तिथेच बिघडतं. वॉर्डाकडून शाळेच्या खर्चाला मदत मिळते, शिवाय एकपालक भत्ता आहे: एका मुलाला पूर्ण रक्कम २०२४मध्ये महिन्याला साडेपंचेचाळीस हजार येन होती, दोन-दोन महिन्यांची एकदम जमा होते. पूर्वी चार-चार महिन्यांनी मिळायची! आणि दर ऑगस्टला फॉर्म भरून सिद्ध करायचं की अजून एकटीच आहे. माझ्या त्या सहकारिणीला खिडकीवरच्या माणसानं विचारलं होतं, सध्या कोणाशी मैत्री वगैरे? ती म्हणाली, तुमच्याशीच दर ऑगस्टला भेट होते.

सेन्दाईची_पाहुणी

😂 तिला माझा दंडवत.

मनवाताई, मूळ प्रश्नावर: वॉर्डात 'फॅमिली सपोर्ट सेंटर' असतं. जवळपासची माणसं नाव नोंदवतात आणि तासावर ठरलेले पैसे घेऊन मुलांना पाळणाघरातून आणतात. पैसे ठरलेले असल्यानं उपकार नसतात. तिला माहीत असेलच म्हणा.

आणि दुसरं, जरा उलटं. तुम्ही तिच्याकडे काहीतरी मागा. माझी घरमालकीण माझ्याशी खरी मोकळी झाली ती मी तिला माझा प्रबंध तपासायला दिला तेव्हा. रात्री अकराला लाल पेन घेऊन बसायची, आणि इतकी खूश!

मनवा_निशीकासाई

मंडळी, पाच आठवड्यांनी येतेय. सगळे प्रतिसाद वाचले, काही नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवले (युरियाचं दप्तर त्याच्याकडेही होतं म्हणे).

काय केलं ते सांगते. माझा मुलगा यंदा पहिलीत गेला. शाळेतून रोज दोन-तीन छापील कागद येतात, सगळे जपानीत. फोननं भाषांतर केलं तर 'उद्या रिकामं दूध घेऊन नाचा' असं काहीतरी येतं. तो गठ्ठा घेऊन मी तिच्या दारात गेले आणि म्हटलं, मला यातलं काही कळत नाही. खोटं नव्हतंच.

तिनं चष्मा लावला, जमिनीवर बसली आणि दहा मिनिटांत गठ्ठ्याचे तीन ढीग केले: सही करून परत द्यायचे, फ्रिजवर लावायचे, फेकायचे. फेकायचा ढीग सगळ्यात मोठा. दुधाचं कोडंही सुटलं, हस्तकलेसाठी दुधाची रिकामी खोकी हवी होती. तेव्हापासून दर रविवारी संध्याकाळी आमची बैठक असते. मी भाजी-पोळी 'जास्त झालेली' नेते, पिशवीत. त्यानंतर स्ट्रॉबेरी आली नाही. संत्री एकदा आली, पण दोनच, आणि तीही सुकलेली. मला काय आनंद झाला त्या सुकलेल्या संत्र्यांचा!

गेल्या रविवारी तिनं पाळणाघराचा फॉर्म काढला. मुलाला घ्यायला कोण येऊ शकतं, त्याची यादी. नाव नोंदवलेलं नसेल तर मूल सोडत नाहीत. पहिल्या ओळीत ती, दुसरी ओळ रिकामी, तिसरी रिकामी. तिनं आधी तीनदा माफी मागितली, मग विचारलं, दुसऱ्या ओळीत तुझं नाव लिहिलं तर चालेल का. माझं नाव आणि आडनाव काताकानात, म्हणजे परदेशी नावांच्या जपानी लिपीत, लिहिल्यावर चौकटीत मावेना, दुसऱ्या ओळीत उतरलं. म्हणजे आता दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीत मिळून मी एकटीच.

पुढे 'नातं' असा रकाना. ती पेन धरून थांबली. शेजारीण लिहू की मैत्रीण? मी म्हटलं, चौकट लहान आहे, जे कमी जागेत मावेल ते. दोन्हीला दोनच अक्षरं लागतात, म्हणाली.

टिचकी

काय लिहिलं मग?

ओसाकाकर

हो, ते सांगा आधी.

मनवा_निशीकासाई

सांगते नंतर. होइकुएनचा फोन आलाय, तिचा फोन कामावर लागत नाहीये. ३७.८. सायकल काढते.